विल्यम हार्वे

मनगटावर बोट ठेवले की नाडीचे ठोके लागतात. नाडी पाहून औषध देण्याची रीत फार जुनी आहे. परंतु नाडीतून उसळणारे हे रक्त येते कोठून आणि जाते कोठे, याचे पुरते उत्तर सतराव्या शतकापर्यंत कोणालाही देता आले नव्हते. ते शोधून काढले विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने.

हार्वेचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडच्या समुद्रकाठावरील फोकस्टन या गावी झाला. कँटरबरी व केंब्रिज येथील शिक्षण आटोपून तो वैद्यक शिकण्यासाठी इटलीतील पादुआच्या विद्यापीठात गेला. शरीररचनेच्या अभ्यासाविषयी त्या विद्यापीठाची कीर्ती युरोपभर पसरली होती. तेथे फॅब्रिशियस हे नामांकित गुरू त्याला लाभले. नीलांच्या आत जागोजाग पातळ पडद्यांच्या चिमुकल्या झडपा असतात, हे ते विद्यार्थ्यांना दाखवीत. रक्ताचा लोंढा हातापायांत एकदम उतरू नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले असावेत, असे त्यांचे मत होते. शिष्याच्या मनात त्या झडपा घर करून राहिल्या. त्या सर्व हृदयाच्या दिशेनेच का उघडाव्यात?

१६०२ साली पदवी मिळवून हार्वे लंडनला परतला. १६०९ पासून तो सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात वैद्य म्हणून काम करू लागला व पुढे राजवैद्यही झाला. त्या काळी वैद्यकावर गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याची सत्ता चालत असे. गेलेनला जाऊन चौदाशे वर्षे लोटली होती, तरी त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. अन्नापासून यकृतात नित्य नवे रक्त तयार होते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे ते अवयवांत जिरून जाते, अशी त्याची शिकवण होती.

हार्वेने साधा हिशेब मांडला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात ठोके एक हजार मोजले, तरी पाचशे औंस, म्हणजे चौदा किलोंच्या आसपास रक्त होते. मनुष्याच्या देहात एका वेळी इतके रक्त मुळी नसतेच. मग दर अर्ध्या तासाला एवढे नवे रक्त तयार होण्यासाठी कोणी किती अन्न खावे? तेव्हा तेच रक्त पुन्हा पुन्हा हृदयाकडे परत येत असले पाहिजे.

नुसत्या हिशेबावर तो थांबला नाही. सापाचे हृदय सावकाश धडधडते, म्हणून त्याने ते निवडले. हृदयात रक्त आणून सोडणारी मोठी नीला चिमट्याने दाबताच हृदय रिकामे, फिकट व लहान झाले. नंतर हृदयातून रक्त बाहेर नेणारी महारोहिणी दाबली, तेव्हा ते तुंबून फुगले व जांभळे पडले. जिवंत प्राण्यांवरील हे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. पण बधिर करण्याची औषधे तेव्हा निघालेली नव्हती.

माणसाच्या दंडावर पट्टी आवळूनही त्याने पाहिले. पट्टी घट्ट असता हात गार पडे, कारण खोलवरून जाणाऱ्या रोहिणीही बंद होत. ती थोडी सैल केली की रोहिणींतून रक्त हातात शिरे, परंतु कातडीलगतच्या नीलांतून परतू शकत नसे. त्यामुळे पट्टीखालच्या नीला टरारून फुगत. अशा फुगलेल्या नीलेतील रक्त बोटाने झडपेपलीकडे वर सारले की ते खाली उतरत नसे. पादुआत मनात राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. रोहिणी हृदयातून रक्त नेतात, नीला ते हृदयाकडे आणतात, आणि परतीच्या वाटेवर झडपा ते मागे फिरू देत नाहीत. हृदयाच्या उजव्या बाजूकडून रक्त फुप्फुसांत जाते व तेथून डाव्या बाजूला येऊन पुन्हा सर्व शरीरात निघते.

नऊ वर्षांहून अधिक काळ सहकाऱ्यांसमोर हे प्रयोग करून दाखविल्यावर, १६२८ साली त्याने फ्रँकफर्ट येथे आपला ७२ पानांचा लॅटिन ग्रंथ छापविला. गेलेनला खोटे ठरविणे ही लहान गोष्ट नव्हती. जुन्या वैद्यांनी त्याला वेडगळ ठरविले आणि त्याच्याकडे येणारे रुग्ण कमी झाले, असे त्याच्या परिचयातील ऑब्री या चरित्रलेखकाने नमूद केले आहे. पॅरिसच्या रिओलान या पंडिताने तर उघड विरोध केला. हार्वेने वादात फारसा वेळ घालविला नाही. रिओलानला त्याने उत्तर दिले ते १६४९ साली.

इंग्लंडात १६४२ साली यादवी युद्ध पेटले, तेव्हा हार्वे राजाच्या पक्षात होता. लंडनमधील त्याचे बिऱ्हाड लुटले गेले आणि कीटकांविषयीची अनेक वर्षांची टिपणे नाहीशी झाली. सामानसुमान गेल्यापेक्षा हे कागद गेल्याचे दुःख त्याला अधिक झाले.

एक दुवा मात्र त्याला अखेरपर्यंत दिसला नाही. रोहिणींतील रक्त नीलांत शिरते कसे? वाट असलीच पाहिजे, एवढे तो जाणून होता. ३ जून १६५७ रोजी तो वारला. पुढे १६६१ साली इटलीतील माल्पिघी या शास्त्रज्ञाने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, आणि रोहिणींना नीलांशी जोडणाऱ्या, केसाहून बारीक अशा वाहिन्यांचे जाळे त्याला दिसले.