चिमटा पडला जमिनीवर

मुंबईत असताना परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्यापैकी पुष्कळांनी निदान बाहेरून तरी पाहिले असेल. ज्यांचे नाव त्या संस्थेला आहे ते वाल्देमार हाफकिन हे ओडेसा शहरी १८६० साली जन्मलेले यहुदी गृहस्थ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली व १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

इतके यश मिळवलेल्या माणसाचा घात एका चिमट्याने केला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचलेले होते. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक घालणे सोडून उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली होती. चौकशी समितीने नेमके त्यावरच बोट ठेवले व दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा ठरवला. हाफकिन यांना काम सोडावे लागले.

वस्तुतः गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि फार चिवट असतात. कार्बोलिकमध्ये नुसते बुचकळून ते मरत नाहीत. शिवाय बाटली भरून एक्केचाळीस दिवस झाले होते. मुंबईतच घाण शिरली असती तर एवढ्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती. उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. एवढी साधी गोष्ट समितीने लक्षात घेऊ नये, याचे नवल वाटते. या प्रकरणाला पुढे छोटे ड्रायफस प्रकरण म्हटले गेले, ते उगीच नव्हे.

मलेरियावाले रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समधून त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. परंतु मुंबईची जागा तोवर दुसऱ्यास दिली गेली होती, म्हणून ते कलकत्त्यास रुजू झाले. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव १९२५ मध्ये दिले गेले. पाच वर्षांनी, १९३० साली, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.