इरावतीबाई कर्वे : दारोदार फिरून मिळवलेले ज्ञान

इरावतीबाई कर्वे म्हटले की आपल्याला ‘युगान्त’ आठवते. 1968 साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु महाभारतातील माणसांचा असा शोध घेणाऱ्या या विदुषीने आयुष्याची तीस वर्षे खेड्यापाड्यांतील जित्याजागत्या माणसांची माहिती गोळा करण्यात घालविली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांच्या जीवनाची ही बाजू अधिक काही शिकवून जाते.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे इंजिनिअर होते. तेथल्या इरावती नदीवरूनच मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी ती पुण्याच्या हुजूरपागेत शिकायला आली आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली. 1926 साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या व 1928 साली मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. झाल्या. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजविणाऱ्या महर्षींना सुनेचे जर्मनीला जाणे मात्र पसंत नव्हते. पती पाठीशी उभे राहिले आणि बाई बर्लिनला गेल्या.

तेथे त्यांची पहिली कसोटी लागली. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. त्यांच्याच विचारांचा आधार पुढे नाझींनी घेतला. गोऱ्या माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते, इतर वंशांत तसे नसते, आणि हा फरक बुद्धीशी जोडलेला आहे, अशी त्यांची कल्पना होती. ती पडताळण्याचे काम या परदेशी विद्यार्थिनीकडे आले. बाईंनी 149 कवट्या मोजल्या. वंशावंशांत तसा फरक आढळला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. पदवी ज्यांच्या हाती, त्यांचेच म्हणणे आकड्यांनी खोडून काढायला केवढे धैर्य लागले असेल!

1939 साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि मग त्यांची भ्रमंती सुरू झाली. मापनाची साधने व वह्या घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. कोणाचे लग्न कोणाशी होते, मामाची मुलगी चालते की नाही, आत्याला काय म्हणतात, हे त्या बायाबापड्यांना विचारीत. 1953 साली प्रसिद्ध झालेला भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ अशा हिंडण्यातूनही उभा राहिला. या कामात त्या एकट्या नव्हत्या. 1951 साली निघालेल्या महाराष्ट्रातील शरीरमापनाच्या पुस्तकावर वि. म. दांडेकर या संख्याशास्त्रज्ञांचे नाव आहे. खेड्यांच्या अभ्यासात य. बा. दामले आणि फलटणच्या अभ्यासात जयंत रणदिवे हे त्यांचे सहलेखक होते. माहिती जमविणारे व तिचे तक्ते मांडणारे अनेक हात असतात, तेव्हा असे संशोधन पुरे होते.

जातीजातींतील माणसांची शरीरे मोजण्याची ती पद्धत आज मागे पडली आहे, आणि तिच्यावर टीकाही होते. ती टीका रास्तच आहे. पण जमविलेल्या माहितीपुढे गुरूचेही मत अंतिम मानायचे नाही, हा बाण्याचा भाग येथेही दिसतो. एका मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, असे घुर्ये मानीत. बाईंना मात्र कुंभार हे एकच नाव लावणारे गट मुळातच निरनिराळे असल्याचे दिसले, आणि त्यांनी तसे स्पष्ट मांडले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हाती घेतलेले एक काम आपल्या भागाच्या जवळचे आहे. कोयनेच्या धरणामुळे पाटण-जावळीकडची गावे उठली आणि माणसे निरनिराळ्या जिल्ह्यांत पांगली. त्या धरणग्रस्तांची पाहणी बाईंनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. ती 1969 साली प्रसिद्ध झाली. कोयनेची वीज साऱ्या महाराष्ट्राला दिसली. ज्यांची चूल पाण्याखाली गेली, त्यांना विचारायला मात्र कोणीतरी मुद्दाम जावे लागले.

11 ऑगस्ट 1970 रोजी इरावतीबाईंचे निधन झाले.

आपल्यालाही पाहणीसाठी प्रश्नावल्या दिल्या जातात. दहा घरे फिरायची आणि उरलेली पाराखाली बसून अंदाजाने भरायची, हा मोह किती जणांना आवरतो? मीही त्याला एकदा बळी पडलो. नंतर ध्यानात आले, की ‘निरक्षर, शेतमजूर’ या रकान्यात मी ज्यांना न विचारताच बसविले, ती माझ्या आजीसारखीच माणसे होती. माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. उद्या आमच्या दारी कोणी वही घेऊन आला, तर त्याने उंबऱ्याशी थांबून आजीचे म्हणणे पुरते ऐकावे, असे मला वाटते. मग मी तरी दुसऱ्याच्या दारावरून न विचारता पुढे कसा जाऊ? बाईंच्या ग्रंथांएवढे लिहिणे आपल्या आवाक्यात नसेल, पण भरलेला प्रत्येक रकाना खरा ठेवणे खचित आहे. त्यांच्या स्मृतीला आपण एवढे तरी वाहू या.