कॅड नव्हतं तेव्हा: खडू, लवचीक पट्टी आणि जमशेटजी वाडिया

ड्रॉइंग अ‍ॅपमध्ये चार बिंदू दिले की त्यांतून गुळगुळीत वक्ररेषा तयार होते. तिला ‘स्प्लाइन’ म्हणतात. हा शब्द मुळात सॉफ्टवेअरचा नाहीच. जहाजाचे आराखडे काढणाऱ्यांच्या लवचीक पट्टीचं ते नाव. या कामातला एक उस्ताद नवी मुंबईच्या समोरच, खाडीपलीकडे मुंबईच्या गोदीत काम करायचा.

कोण होते जमशेटजी?

लवजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईत जहाजं बांधायला आले. जमशेटजी बमनजी हे त्यांचे नातू. पुढे ते गोदीचे मास्टर बिल्डर झाले आणि 1810 मध्ये त्यांनी ब्रिटिश नौदलासाठी 74 तोफांचं ‘मिंडेन’ पाण्यात उतरवलं.

कागदावरून लाकडावर कसं?

आराखड्यात जहाज तीन बाजूंनी काढलेलं असे: बाजूने, वरून आणि समोरून. प्रत्येक बिंदू तिन्ही चित्रांत जुळलाच पाहिजे. नौदलाचे आराखडे सहसा 1:48 मापाचे असत. म्हणजे कागदावर 1 मिलिमीटर चुकलं, की जहाजात जवळपास 5 सेंटिमीटर!

म्हणून मोठ्या सपाट जमिनीवर तेच चित्र खडूने खऱ्या मापात काढायचं. बिंदूंवरून पट्टी वाकवायची. रेषेत कुठे खड्डा किंवा उंचवटा असेल तर तो लगेच दिसतो. मग त्यावरून पातळ लाकडाचे फर्मे कापायचे, ते सागवानावर ठेवायचे आणि जहाजाच्या फासळ्या घडवायच्या.

डेटा गेला तर?

‘हेबे’ हे फ्रेंच जहाज इंग्रजांनी 1782 मध्ये पकडलं. त्याच्या आकारावरून इंग्रजांनी नवे आराखडे केले. असा एक संच ‘जावा’ जहाजातून मुंबईला निघाला. पण डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवलं आणि आराखडे गेले. सागवान होतं, हात होते, पण मापं नव्हती. दुसरा संच पाठवावा लागला. त्यावरून जमशेटजींनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरलं.

जमशेटजी 1821 मध्ये गेले. ‘ट्रिंकोमाली’ मात्र इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतंय. तिथे गेलात तर त्याच्या कडेची वळणं नीट बघा. ती पट्टी वाकवूनच आखलेली आहेत.