एका चिमट्यामुळे १९ जण गेले, आणि शिक्षा झाली परळच्या हाफकिनना

मुंबईतली हाफकिन संस्था आपल्याला माहीत असते. सर्पदंशावरची लस म्हटलं की हेच नाव आठवतं. पण ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या माणसाची नोकरी एका बाटलीपायी गेली होती, हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसाचा. ज्यू कुटुंबातला मुलगा. धर्म बदलला असता तर विद्यापीठात नोकरी मिळाली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. शेवटी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम मिळालं, तेही ग्रंथालयातल्या मदतनिसाचं. पुस्तकं सांभाळता सांभाळता त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारने हाफकिनना बोलावून घेतलं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली व व्हरांडा दिला. तिथे मटणाच्या रश्श्यात, वर तुपाचे थेंब सोडून, प्लेगचे जंतू वाढवले जायचे. गोमांस आणि डुकराचं मांस टाळून बोकडाचं मांस वापरण्यामागे हिशेब होता. हिंदू असो की मुसलमान, लस घ्यायला कुणी नको म्हणू नये! १० जानेवारी १८९७ ला ही लसही पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्याच अंगात टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

प्लेग मुंबईत थांबला नाही, रेल्वेने गावोगाव गेला. खानदेशही सुटला नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरींचा मुलगा ओंकार प्लेगमुळे कायमचा अपंग झाला. त्या काळात लसीची किती गरज होती, ते एवढ्यावरून समजावं.

आता ती बाटली. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी ५३ एन क्रमांकाच्या बाटलीतली लस मिळालेल्या १९ जणांना आठवडाभरात धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. बाकीच्यांना काहीही झालं नाही.

चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर टाकला. लस जंतुरहित ठेवण्यासाठी पूर्वी कार्बोलिक ॲसिड घालायचे. हाफकिननी ते सोडून फक्त उष्णतेवर भर दिला होता, हेच बोट ठेवायला पुरेसं ठरलं. त्यांना निलंबित केलं गेलं.

पण नोंदी काय सांगत होत्या? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, औषधात बुडवून तसाच वापरला गेला. शिवाय बाटली उघडली तेव्हा वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू परळपासून आत वाढत आले असते, तर दुर्गंधी सुटली असती. माझ्या मते, एवढं समोर असून वर्षानुवर्षं गप्प बसणं हा चुकीपेक्षा मोठा अन्याय होता.

इथे थोडं आजच्या आयसीयूत जाऊ. तिथे एका रुग्णाला एकाच वेळी दहा-पंधरा औषधं चालू असू शकतात, बरीचशी थेट शिरेतून. क्लिनिकल फार्मासिस्टचं काम या साखळीवर नजर ठेवायचं. किडनी मंदावली तर अँटिबायोटिकचा डोस कमी करायचा का, एकाच नळीतून दोन औषधं सोडली तर साका धरेल का, औषध मिसळताना निर्जंतुकपणा पाळला का, बॅच नंबर लिहिला का, हे तो पाहतो. डॉक्टरांसोबत राऊंडलाही जातो. यासाठीचा फार्म. डी. अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ मध्ये आला. मेडिकलच्या काउंटरवर गोळ्या देणाऱ्यापेक्षा हे काम बरंच वेगळं. मुल्कोवालमध्ये कारखाना ते सुई या वाटेवर असं पाहणारं कुणी नव्हतं. बाटलीवर क्रमांक होता, म्हणून निदान मृत्यू एकाच बाटलीपाशी येऊन थांबतात हे कळलं.

हाफकिन लंडनला जाऊन लढत राहिले. लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे पुन्हा तपासले. मलेरियावाले रोनाल्ड रॉस यांनी तर इंग्लंडच्या वृत्तपत्रात त्यांची बाजू लावून धरली. १९०७ च्या अखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त केलं. पाच वर्षं गेली होती.

ते परत आले, पण परळला नाही. कलकत्त्यात नेमणूक मिळाली, आणि तिथेही माणसांवर लसीच्या चाचण्या करायला परवानगी नव्हती. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये हाफकिन वारले. त्यांनी लग्न केलं नव्हतं.