सेनापतीण उमाबाई दाभाडे

अठराव्या शतकाच्या इतिहासात पराक्रमी पुरुषांच्या नावांची इतकी दाटी आहे की, त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या आणि प्रसंगी पुढेही सरसावलेल्या स्त्रियांची ओळख आपल्या घराघरांतून पुसट होत चालली आहे. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने तळेगावच्या सेनापती घराण्यातील उमाबाई दाभाडे यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

उमाबाईंचे माहेर नाशिक प्रांतातील अभोण्याचे ठोके देशमुखांचे. सप्तशृंगीचा गड तेथून जवळच. सुमारे १७१० साली गडावर चढण्यासाठी त्यांनी पायऱ्या बांधविल्या, असे परंपरा सांगते. त्यांचे पती खंडेराव दाभाडे यांनी बागलाण व गुजरातेत मराठ्यांचा दरारा बसविला. या कर्तबगारीमुळे १७१७ साली शाहू छत्रपतींनी त्यांना सेनापतिपद दिले. स्वारीवर गेलेल्या धन्याच्या मागे घर, वतन आणि तीन मुलगे व मुली सांभाळण्याचे काम उमाबाईंकडे आले.

१७२९ साली खंडेराव निवर्तले आणि ज्येष्ठ पुत्र त्र्यंबकराव सेनापती झाले. गुजरातच्या चौथाईवरून त्यांचे व बाजीराव पेशव्यांचे वितुष्ट विकोपास गेले. त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधले. अखेर १ एप्रिल १७३१ रोजी डभईनजीकच्या लढाईत त्र्यंबकराव गोळी लागून पडले. दोन वर्षांच्या आत पती आणि पुत्र दोघेही गेले; आणि पुत्राला मारणारे सैन्य परक्याचे नव्हे, एकाच छत्रपतीच्या चाकरीतले होते!

शाहू महाराजांनी स्वतः मध्यस्थी करून या माउलीचे सांत्वन केले. महाराजांनी बाजीरावांना उमाबाईंपुढे बसवून सूड घेण्याची मोकळीक दिली आणि उमाबाईंनी क्षमा केली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली तरी एवढे निश्चित की, घरचे दुःख त्यांनी राज्याच्या यादवीचे कारण होऊ दिले नाही. सेनापतिपद धाकटे पुत्र यशवंतराव यांस मिळाले. परंतु ते अल्पवयीन असल्याने कारभाराची सूत्रे उमाबाईंच्याच हाती राहिली.

पुढे १७३२ साली दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांचा डाकोर येथे मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी विश्वासघाताने वध केला. तेव्हा उमाबाई पिलाजीपुत्र दमाजी यांच्यासह सैन्य घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. विधवेने देवघरात बसावे अशी रीत असलेल्या त्या काळी ही सेनापतीण मोगलांच्या सुभ्याच्या राजधानीपुढे उभी ठाकली आणि चौथ-सरदेशमुखीचा हक्क मान्य करवूनच परतली.

उत्तरायुष्य मात्र कठीण गेले. यशवंतराव व्यसनाधीन झाले आणि गुजरातेतील खरे बळ गायकवाडांकडे सरकले. १७४९ साली शाहू महाराज वारले, तसा दाभाड्यांचा आधारच तुटला. १७५० साली उमाबाईंनी आळंदी येथे नानासाहेब पेशव्यांची भेट घेऊन, गुजरातच्या वाटणीचा करार दडपणाखाली झाल्याचे सांगितले. पेशव्यांनी ते मानले नाही. मग त्यांनी ताराबाईसाहेबांचा पक्ष धरला व दमाजींना फौजेसह रवाना केले. १७५१ साली साताऱ्याजवळ तो डाव फसला, दमाजी कैद झाले आणि दाभाडे मंडळींसही अटक भोगावी लागली. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात या वृद्ध सेनापतिणीने देह ठेवला.

१७३१ ला क्षमा करणाऱ्या उमाबाई १७५० ला शस्त्र का उचलतात, असा प्रश्न कोणीही विचारील. आमच्या मते यात विसंगती नाही. पुत्राचा मृत्यू हे त्यांचे स्वतःचे दुःख होते, ते त्यांनी गिळले. घराण्याचा हक्क ही पूर्वजांची ठेव होती, ती सोडण्याचा अधिकार त्यांनी स्वतःस घेतला नाही. त्यांचा मार्ग चुकला असे म्हणणारे म्हणोत. निष्ठा चुकली असे कोणास म्हणता येणार नाही.

दाभाड्यांनी तळेगावी सुरू केलेली विद्वानांना दक्षिणा देण्याची प्रथा त्र्यंबकरावांच्या पश्चात पेशव्यांनी पुण्यास चालू ठेवली, आणि इंग्रजी अमलात त्याच दक्षिणा फंडातून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळाली. तळेगावी बनेश्वराच्या परिसरात उमाबाईंची समाधी आहे. मुंबई-पुणे मार्गावरून जाणाऱ्या कुटुंबांनी मुलाबाळांसह तेथे घटकाभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.