अलेक्झांडर फ्लेमिंग : पेनिसिलिनचा शोध आणि काळाच्या पुढचा इशारा

पेनिसिलिनच्या शोधामुळे वैद्यकशास्त्राच्या इतिहासात अजरामर झालेले सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नाव जगभर परिचित आहे. मात्र, ज्या औषधाने त्यांना कीर्ती मिळवून दिली, ते औषध गैरवापरामुळे निष्प्रभ ठरू शकते, असा इशारा त्यांनीच दिला होता, ही बाब तुलनेने कमी जणांना ठाऊक आहे. रुग्णालयांतील जिवाणूंमध्ये औषधांना दाद न देणारी जनुके शोधण्याचे काम आज अनेक देशांत सुरू आहे. या कामाची पूर्वपीठिका फ्लेमिंग यांच्या जीवनकार्यात आढळते.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशर परगण्यात, डार्व्हेल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. किशोरवयात ते लंडनला थोरल्या भावाकडे आले आणि शिक्षणानंतर चार वर्षे त्यांनी एका जहाज कंपनीच्या कार्यालयात कारकुनी केली. काकांच्या वारशातून मिळालेल्या रकमेमुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. १९०१ मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९०६ मध्ये पदवी मिळाल्यावर ते तेथेच सर आल्मरॉथ राइट यांच्या विभागात संशोधन करू लागले. पुढील जवळजवळ सर्व आयुष्य त्यांनी याच संस्थेत व्यतीत केले.

पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग फ्रान्समधील बुलोन येथील लष्करी रुग्णालयात होते. गोळी वा तोफगोळ्याने झालेल्या जखमा चिघळून सैनिक दगावत. त्या काळी जखमांवर तीव्र जंतुनाशके ओतली जात. ही रसायने खोल जखमेच्या कानाकोपऱ्यांत दडलेल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत, उलट शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच मारतात, हे फ्लेमिंग यांनी प्रयोगाने दाखवून दिले. अनेक जखमी सैनिकांना स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंची बाधा रणांगणावर नव्हे, तर रुग्णालयात दाखल झाल्यावर होते, असा निष्कर्षही त्यांनी सहकाऱ्यासमवेत १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. जेथे रोग बरा व्हावा, तेथेच नवा रोग जडतो, हे वास्तव त्यांनी जवळून पाहिले होते.

शरीराच्या पेशींना इजा न करता जंतूंचा नाश करणारा पदार्थ शोधणे, हा त्यानंतर त्यांचा ध्यास बनला. १९२२ मध्ये त्यांनी नाकातील स्राव आणि अश्रूंमध्ये असलेल्या लायसोझाइम या जंतुनाशक विकराची माहिती प्रसिद्ध केली. परंतु घातक जंतूंवर त्याचा प्रभाव फारसा पडत नसल्याने उपचारात त्याचा उपयोग होऊ शकला नाही.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीहून परतल्यावर फ्लेमिंग टेबलावर राहिलेल्या काचेच्या तबकड्या तपासत होते. त्यांत स्टॅफिलोकॉकस जिवाणू वाढविण्यात आले होते. एका तबकडीत बुरशी उगवली होती आणि तिच्याभोवतीचे जिवाणू विरघळून गेले होते. वाया गेलेली तबकडी म्हणून ती फेकून देणे सहज शक्य होते. फ्लेमिंग यांनी मात्र ती जपून ठेवली आणि बुरशी वेगळी वाढवली. ती पेनिसिलियम वर्गातील असल्याने तिच्यापासून मिळणाऱ्या जंतुनाशक द्रवाला त्यांनी पेनिसिलिन असे नाव दिले.

या द्रवापुढे कोणते जिवाणू नमतात आणि कोणते नमत नाहीत, हे पाहण्यासाठी त्यांनी एक सोपी पद्धत वापरली. तबकडीतील आगरमध्ये चर कापून त्यात पेनिसिलिनमिश्रित आगर भरायचे आणि चराच्या काटकोनात निरनिराळ्या जिवाणूंच्या रेघा ओढायच्या. काही जिवाणू चरापासून दूरच थांबत, तर काही थेट चरापर्यंत वाढत. घटसर्पाचे जिवाणू पहिल्या गटात होते, विषमज्वराचे दुसऱ्या. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात, पेनिसिलिनला दाद न देणारा इन्फ्लुएन्झा जिवाणू इतरांपासून वेगळा काढण्यासाठी या द्रवाचा वापर कसा करावा, याचे विवेचन होते. औषधाला बधणारे आणि न बधणारे जंतू एकाच तबकडीवर ओळखण्याची ही रीत पुढे विकसित झालेल्या औषधसंवेदनशीलता चाचण्यांची पूर्वसूरी ठरली.

पेनिसिलिन शुद्ध स्वरूपात मिळवणे फ्लेमिंग यांना साधले नाही. ते काम ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केले. मे १९४० मध्ये त्यांनी उंदरांवर यशस्वी प्रयोग केला. १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. त्याची प्रकृती सुधारू लागली, परंतु औषधाचा साठा संपला आणि त्याचा मृत्यू झाला. १९४२ मध्ये फ्लोरी यांनी दिलेल्या पेनिसिलिनच्या साहाय्याने फ्लेमिंग यांनी मेंदूच्या आवरणाचा दाह झालेल्या एका रुग्णाला मृत्यूच्या दारातून परत आणले. १९४४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, तर १९४५ मध्ये फ्लोरी आणि चेन यांच्यासमवेत नोबेल पुरस्कार.

पुरस्कार स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी केवळ यशाचा पाढा वाचला नाही. जंतूंचा नाश होणार नाही, इतक्या अल्प प्रमाणात पेनिसिलिन दिल्यास जंतू त्याला सरावतात आणि प्रयोगशाळेत असे घडवणे मुळीच अवघड नाही, हे त्यांनी सांगितले. घसा दुखतो म्हणून स्वतःच्या मनाने अपुरे औषध घेणाऱ्या पतीकडून सरावलेले जंतू पत्नीला लागतात आणि तिच्यावर औषध चालत नसल्याने ती दगावते, अशी एक कल्पित कथाही त्यांनी श्रोत्यांपुढे मांडली. औषध घेतले तर पुरेसे घ्यावे, हे तिचे सार होते.

हा इशारा लवकरच खरा ठरला. लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी केलेल्या पाहणीत, पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचे प्रमाण १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के होते. १९४८ मध्ये ते निम्म्याहून अधिक झाले. हे जिवाणू पेनिसिलिन तोडणारे विकर तयार करत आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरत. असे विकर अस्तित्वात असल्याचे चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी १९४० मध्येच नोंदवले होते.

भारतात पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि पेनिसिलिनचे देशी उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १९५५ रोजी, फ्लेमिंग यांचे लंडन येथे हृदयविकाराने निधन झाले. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या आहेत.

त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, १९६१ मध्ये, मेथिसिलिन या नव्या औषधालाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ब्रिटनमध्ये आढळल्याची नोंद झाली. या प्रतिरोधामागे मेक-ए नावाचे जनुक असल्याचे नंतर स्पष्ट झाले. जंतू औषधाला सरावतात, ही फ्लेमिंग यांची मांडणी पुढील संशोधनाने अधिक नेमकी झाली. औषधामुळे दुर्बळ जंतू मरतात, प्रतिरोधक जनुक असलेले तगतात आणि अनेकदा ते जनुक इतर जंतूंनाही देतात. २००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णात आढळलेले एनडीएम-१ हे जनुक याच प्रकारे पसरणारे आहे. त्या रुग्णावर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते.

अशी जनुके आता पीसीआर चाचणीने काही तासांत ओळखता येतात. त्यामुळे योग्य औषध निवडण्यास आणि बाधित रुग्णाला वेळीच वेगळे ठेवण्यास मदत होते. तथापि, जनुक सापडले तरी ते कार्यरत असेलच असे नाही आणि अज्ञात जनुक या चाचणीत निसटू शकते. त्यामुळे जिवाणू तबकडीवर वाढवून औषधापुढे ते थांबतात की नाही, हे पाहण्याची रीत प्रयोगशाळांनी सोडलेली नाही. एका अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात औषधप्रतिरोधक जिवाणूंच्या संसर्गामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले. औषध पुरेसे आणि गरजेपुरतेच घ्यावे, हा फ्लेमिंग यांचा सल्ला आजही डॉक्टर रुग्णांना देत आहेत.