टेलिफोनवाले बेल आणि राष्ट्राध्यक्षांच्या अंगातली गोळी

कानाला हेडफोन लावून, हातात दांडीचं यंत्र घेऊन इंग्लंडच्या शेतात जुनी नाणी शोधत फिरणारी हौशी मंडळी व्हिडिओंमुळे आता आपल्यालाही ओळखीची झाली आहेत. पण असं यंत्र गाजलं ते खजिन्यासाठी नव्हे, एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी. ते बनवलं टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. आईला कमी ऐकू यायचं, वडील उच्चार शिकवायचे. दोन्ही भाऊ क्षयाने गेले, तेव्हा उरलेल्या मुलाला घेऊन आईवडिलांनी १८७० मध्ये कॅनडा गाठला. पुढे बॉस्टनमध्ये बेल कर्णबधिरांना बोलायला शिकवू लागले. त्यांची विद्यार्थिनी मेबल हीच पुढे त्यांची पत्नी झाली. १८७६ च्या टेलिफोन पेटंटची गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहेच.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. एक गोळी दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीतून आत शिरली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. डॉक्टर न धुतलेली बोटं आणि सळया जखमेत घालून गोळी चाचपत होते.

बेल आणि त्यांचे सहकारी टेंटर कामाला लागले. तत्त्व आधीपासून माहीत होतं. तारेची वेटोळी अशी जुळवायची, की रिसिव्हरमध्ये आवाजच येऊ नये. जवळ धातू आला की तो तोल बिघडतो आणि कानात गुणगुण सुरू होते. मांसाच्या तुकड्यात गोळी लपवून, यादवी युद्धात गोळ्या खाल्लेल्या जुन्या सैनिकांच्या अंगावरून यंत्र फिरवून त्यांनी चाचण्या घेतल्या. यंत्र चाललं.

राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत मात्र फसलं. २६ जुलैला जोडणीच चुकली होती. १ ऑगस्टला आवाज आला, पण फार मोठ्या भागात. नंतर कळलं, की गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. गोंधळ तिनेच केला असं अनेकजण मानतात. आजही नवशिक्याला पहिला धडा हाच देतात : आधी आपल्या अंगावरचं, बुटातलं लोखंड बाजूला ठेवा. शिवाय डॉक्टर उजव्या बाजूला अडून बसले होते आणि शोधही तिथेच चालला.

त्याच ऑगस्टमध्ये बेल यांच्या घरी अपुऱ्या दिवसांचा मुलगा जन्मला. श्वास घेता येईना, काही तासांत गेला. त्या दुःखातच त्यांनी कृत्रिम श्वासासाठी छातीभोवती बसणारं धातूचं यंत्र तयार केलं.

१९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. गोळी डावीकडे, खोलवर निघाली. जीव घेतला तो मुख्यतः जखमेतल्या जंतुसंसर्गाने.

बेल यांनी नाद सोडला नाही. टेलिफोनला जोडलेली, गोळीला टेकताच आवाज देणारी सुईही त्यांनी बनवली आणि क्ष-किरण येईपर्यंत शल्यविशारदांना अशा साधनांचा उपयोग झाला. २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात त्यांचं निधन झालं. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते.